चर्चमध्ये वाद घालायचा नसतो

१९५९ साली, ईस्टरच्या सुमारास, कॅनडातल्या लॅब्राडोरच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हेब्रॉन गावातल्या सगळ्यांना चर्चमध्ये बोलावणे गेले. गाव इनुइट लोकांचे, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशातल्या मूळ रहिवाशांचे. चर्च मोरेव्हियन पंथाचे, १८३० च्या दशकात जर्मनीत कापून-घडवून तयार केलेले लाकूड जहाजाने आणून इथे जोडलेले. लोक बाकांवर बसले आणि त्यांना सांगण्यात आले, की इथले मिशन बंद होणार, दुकान बंद होणार, तेव्हा सगळ्यांनी दक्षिणेकडच्या गावांत जाऊन राहायचे. कोणी काही बोलले नाही. बोलले का नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले: चर्चमध्ये वाद घालायचा नसतो. ती पवित्र जागा. पणजोबांच्या काळापासून अंगात मुरलेली ही शिस्त होती, आणि ज्यांनी ती मुरवली त्यांच्याच छपराखाली त्या दिवशी तिचा उपयोग करून घेतला गेला.

मिशनऱ्यांनी केले ते भले की वाईट, या प्रश्नावर बोलायचे तर मला नेहमी ही सभा आठवते. आपल्याकडे ‘मिशनरी’ शब्द उच्चारला की लगेच दोन पंगती बसतात. एका पंगतीत शाळा, दवाखाने, छापखाने, व्याकरणे वाढली जातात. दुसरीत बाटवाबाटवी, गोव्याचे इन्क्विझिशन, मोडलेली देवळे. वाढपी तेच, पदार्थ तेच, आणि एका पंगतीतला माणूस दुसरीत डोकावत नाही. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर या दोन्ही पंगतींचे पदार्थ एकाच भांड्यात शिजले होते. म्हणून ते प्रकरण मला विचार करायला जास्त उपयोगी वाटते. माझे म्हणणे असे, की उपकारातून अपकार वजा करून शिल्लक काढायची ही पद्धतच चुकीची आहे. उपकार खरे होते म्हणूनच तर अपकार शक्य झाला.

मोरेव्हियन हा प्रोटेस्टंटांतला छोटा पंथ. सॅक्सनीतल्या हर्नहूट गावी काउंट झिन्झेनडोर्फ यांच्या जमिनीवर तो नव्याने रुजला. चर्चच्या इतिहासात मिशनकार्यासाठी इतकी कमी माणसे इतक्या लांब गेल्याची उदाहरणे फार नसतील. बरेचसे लोक सुतार, विणकर, लोहार. १७३३ मध्ये ते ग्रीनलंडला गेले. भारतातही आले. १८५६ मध्ये लाहौलमधल्या केलाँगला त्यांनी ठाणे मांडले, पुढे लेहला. त्यांच्यातल्या येश्के यांचा तिबेटी कोश अभ्यासक अजून उघडतात आणि लेहमध्ये मोरेव्हियन शाळा आजही भरते. लडाखला फिरून आलेल्या कितीतरी मराठी माणसांनी तिची पाटी वाचली असेल.

लॅब्राडोरमधला पहिला प्रयत्न रक्तात संपला. १७५२ मध्ये एऱ्हार्ट नावाचा माणूस जहाज घेऊन गेला, व्यापाराच्या बोलणीसाठी किनाऱ्यावर उतरला आणि मारला गेला. युरोपीय मासेमार आणि इनुइट यांच्यात त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे झटापटी चालू होत्या, त्यातलीच ही एक. बारा वर्षांनी येन्स हावेन हा डॅनिश सुतार तिथे पोहोचला. तो ग्रीनलंडला राहून भाषा शिकून आला होता. न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला त्याने इनुइटांना त्यांच्याच बोलीत हाक मारली. शेकडो मैलांवरच्या दोन किनाऱ्यांची भाषा एकमेकींना कळण्याइतकी जवळची होती. परका माणूस आपल्या भाषेत बोलतो, याचे त्यांना काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

मात्र हावेन एकटा नव्हता. त्याच्या पाठीशी न्यूफाउंडलंडचा गव्हर्नर ह्यू पॅलिसर होता, आणि पॅलिसरला आत्म्यांच्या उद्धारात फारसे स्वारस्य नव्हते. त्याला हवे होते ते इंग्रजी मासेमारीच्या तळांना निर्धोक वातावरण. इनुइट उत्तरेतच राहावेत, दक्षिणेला येऊन भांडू नयेत. मिशन हा त्याच्या दृष्टीने स्वस्तातला बंदोबस्त होता. १७६९ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने मिशनला एक लाख एकर जमीन बहाल केली. राजाने ती कधी पाहिली नव्हती. ती त्याची कशी झाली, हा प्रश्न लंडनमध्ये कोणी विचारल्याचे दिसत नाही.

या जमवाजमवीत एका बाईचा हात होता. मिकाक तिचे नाव. १७६७ च्या एका चकमकीत इंग्रजांनी तिला आणि तिच्या लहान मुलाला पकडले आणि पुढे लंडनला नेले. तिथे तिचा बोलबाला झाला. राजाच्या आईने तिला पोशाख दिला, जॉन रसेलने तिचे चित्र रंगवले. ते आज जर्मनीत ग्योटिंगन इथे आहे. मिकाक हावेनला आधीपासून ओळखत होती. मिशनऱ्यांना आमच्याकडे पाठवा, असा आग्रह तिने लंडनमध्ये धरला. १७७० मध्ये तिने आणि तिचा नवरा तुग्लाविना याने त्यांना किनारा दाखवला आणि १७७१ मध्ये नेन हे पहिले ठाणे उभे राहिले. बायबलसाठी ती हे करत होती का? मला नाही तसे वाटत. बंदुका घेऊन येणाऱ्या गोऱ्यांपेक्षा बंदुका नसलेले, भाषा जाणणारे गोरे शेजारी बरे, हा सरळ हिशेब त्यात दिसतो. पुढे मिशनने घातलेल्या बंधनांना कंटाळून नवरा-बायको दक्षिणेकडच्या व्यापाऱ्यांकडे जात-येत राहिले आणि मिशनच्या नोंदींत मिकाक ‘वाट चुकलेली’ ठरली. १७९५ मध्ये ती नेनमध्येच वारली.

या दक्षिणेच्या फेऱ्या महत्त्वाच्या आहेत. सुरुवातीला मिशन इनुइटांना बंदुका विकायला तयार नव्हते. लोक मग बंदुका विकणाऱ्याकडे गेले. शेवटी १७८० च्या दशकात मिशननेच आपल्या दुकानात बंदुका ठेवल्या. म्हणजे प्रारंभी तराजू दोन्ही बाजूंनी हलत होता. बाप्तिस्मेही झपाट्याने झाले नाहीत. पहिला बाप्तिस्मा झाला तो १७७६ साली, किंगमिंगुसे याचा, आणि तो स्वतः अंगाकुक होता, म्हणजे आत्म्यांशी बोलणारा, रोग उतरवणारा, आपल्या भाषेत सांगायचे तर भगत. गावेच्या गावे ख्रिस्ती होऊ लागली ती १८०४ नंतर, धर्मजागृतीची लाट आली तेव्हा.

आता दुकानाकडे वळू, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचे मर्म वेदीपाशी नसून दुकानात आहे. मोरेव्हियनांनी मिशनचा खर्च व्यापारातून भागवायचे ठरवले. लंडनहून वर्षातून एकदा जहाज यायचे. पुढे एकामागून एक आलेल्या अनेक जहाजांचे नाव ‘हार्मनी’ असायचे. पीठ, कापड, दारूगोळा, लोखंडी अवजारे घेऊन यायचे आणि सीलचे तेल, कोल्ह्याची कातडी, सुकवलेला मासा घेऊन जायचे. जो उपदेश करतो तोच भाव ठरवतो. जो प्रार्थनेला गैरहजर राहिल्याची नोंद ठेवतो तोच उधारीच्या वहीतही नोंद करतो. मिशनरी माणसे बहुधा प्रामाणिक होती, दारूला त्यांनी किनाऱ्यावर शिरू दिले नाही, दुष्काळी हिवाळ्यात त्यांनी माणसे जगवली. पण किल्ल्या सगळ्या एकाच कमरेला. औषधाची, शाळेची, कोठाराची आणि स्वर्गाचीही.

त्या उधारीच्या वहीची एक हकीकत सांगतो. १८८० मध्ये हेब्रॉनला याकोबसेन नावाचा नॉर्वेजियन माणूस आला. हाम्बुर्गचा हागेनबेक प्राण्यांचा व्यापार करायचा आणि माणसांचीही प्रदर्शने भरवायचा; त्याच्यासाठी याला ‘एस्किमो’ हवे होते. मिशनऱ्यांनी विरोध केला, हे नोंदवायलाच हवे. पण हेब्रॉनचा अब्राहम बायको-मुलींसह आणि तोबियास नावाच्या तरुणासह निघाला. अब्राहम शिकलेला होता, व्हायोलिन वाजवायचा. युरोप पाहायची हौस होती. शिवाय दुकानाचे देणे फेडायचे होते. नाकवाकहून आणखी एक कुटुंब निघाले, ते अजून ख्रिस्ती न झालेले. एकूण आठ जण. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांनी कुंपण मोडून गर्दी केली तेव्हा अब्राहमने हातात चाबूक आणि हार्पून घेऊन त्यांना मागे हटवले. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने ते स्वतः लिहून ठेवले, इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे आपल्या इनुइट भाषेत, रोजनिशीत. याकोबसेनने त्यांना देवी टोचून घेतल्या नव्हत्या. डिसेंबरात डार्मश्टाटला नाकवाकच्या कुटुंबातली मुलगी गेली आणि १८८१ च्या जानेवारीच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये शेवटची व्यक्ती, अब्राहमची बायको उलरिके, देवीनेच गेली. आठांतला एकही परतला नाही. मूळ रोजनिशी हरवली. मिशनऱ्याने केलेले तिचे जर्मन भाषांतर मिशनच्या दफ्तरात राहिले म्हणून अब्राहमचा आवाज आज ऐकू येतो.

या एका हकीकतीत कोणाला कुठल्या पंगतीत बसवणार? कर्ज मिशनच्या दुकानाचे. जाऊ नका म्हणणाराही मिशनरीच. ज्या अक्षरांत अब्राहमने आपला अपमान लिहिला ती अक्षरेही मिशननेच दिलेली.

अक्षरांबद्दल तर मोरेव्हियनांना मान दिलाच पाहिजे. त्यांनी इनुक्टिटुट रोमन लिपीत बसवली. १८२० च्या दशकात संपूर्ण नवा करार छापला, १८६४ मध्ये एर्डमानचा शब्दकोश निघाला, विसाव्या शतकाच्या आरंभी नेनमध्ये इनुक्टिटुट वर्तमानपत्र छापले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथले बहुतेक लोक स्वतःच्या भाषेत लिहू-वाचू शकत होते. त्याच वेळी आपल्याकडे किती टक्के माणसांना मोडी किंवा बाळबोध येत होती, हे मनाशी आणून पाहावे. शाळेचे माध्यम इनुक्टिटुट होते. बोलीत जर्मन आकडे शिरले: आइन्सी, सुवाई, तराई. चर्चमध्ये इनुइट ऑर्गनवादक, चतुःस्वरी गायन, व्हायोलिने, आणि जहाज दिसले की किनाऱ्यावर पितळी वाद्यांचा बँड. हेडन आणि मोझार्टच्या काळातले संगीत इनुक्टिटुट शब्दांसह हाताने उतरवलेल्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, आणि गाता गाता त्यांनी ते आपल्या गळ्याला बसवूनही घेतले.

दुसऱ्या बाजूला ढोल गप्प झाला. ढोलाभोवतीचा नाच, गाणी, अंगाकुकाचे ज्ञान, जुनी नावे, अनेक बायकांचे संसार, दिवे मालवून चालणारे विधी, सगळ्यावर पाप असा शिक्का पडला. यातले काही जाणे बरेच झाले असे कोणी म्हणेल. असेलही. पण कोणते जावे आणि कोणते राहावे ही निवड एका बाजूने झाली, आणि ती करणाऱ्याला जाणाऱ्या वस्तूची किंमत ठाऊक नव्हती. तोर्नगाट पर्वतांचे नाव मात्र राहिले. त्याचा अर्थ आत्म्यांची जागा. डोंगराला बाप्तिस्मा देता येत नाही.

मग भाषा मारली कोणी? १९४९ मध्ये न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर कॅनडात विलीन झाले. विलीनीकरणाच्या करारात तिथल्या आदिवासी लोकांचा उल्लेखच नव्हता. शाळा प्रांताच्या अभ्यासक्रमाखाली आल्या आणि इंग्रजी झाल्या. लोकशाही सरकारने दोन पिढ्यांत ते केले जे धर्मप्रचारकांनी पावणेदोनशे वर्षांत केले नव्हते. आपल्याला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा छापली, आणि १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज राजवटीने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. पाद्री भाषा शिकतो कारण त्याला माणसाचे मन हवे असते. सत्तेला नुसता होकार पुरतो, म्हणून तिचे दुभाष्यावर भागते.

पण म्हणून पाद्री सुटला, असे नाही. मधल्या काळात काय झाले ते पाहू. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘हार्मनी’ जहाजाबरोबर इन्फ्लुएंझा आला. ओकाक गावात २६३ माणसांपैकी २०४ मेली. प्रौढ पुरुष जवळजवळ सगळेच गेले. उरलेल्या बायका-मुलांनी गाव सोडले आणि ओकाक नकाशावरून पुसले गेले. याचा दोष मिशनला देणे अन्याय होईल. तेव्हा जगभर तेच चालले होते. तरीही सगळ्या जगाशी जोडणारा धागा एकच असला म्हणजे त्या धाग्यावरून काय काय येते, याचा हा दाखला आहे. १९२६ मध्ये कर्जात बुडालेल्या मिशनने व्यापार हडसन्स बे कंपनीला भाड्याने दिला. कंपनीला सीलच्या मांसात रस नव्हता, कोल्ह्याच्या कातडीत होता. शिकारी कोल्ह्यामागे गेले, घरात दुकानातले पीठ आले, कातडीचा भाव पडला तेव्हा उधारी बंद झाली. मिशनने जे अवलंबित्व मायेने वाढवले होते, ते अशा तऱ्हेने निर्मम हाती गेले. दत्तक घेतलेले मूल सावकाराकडे गहाण ठेवावे, तसे.

वसतिगृहांच्या शाळा ही पुढची पायरी. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांतातल्या अशा पाच शाळांपैकी नेन आणि मकोविकची वसतिगृहे मोरेव्हियनांनी चालवली, बाकीची ग्रेनफेल या वैद्यकीय मिशनने. तिथे घरापासून तोडलेल्या, मार खाल्लेल्या, अत्याचार सोसलेल्या मुलांच्या साक्षी कोर्टात गेल्या. २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी देशभरातल्या निवासी शाळांबद्दल माफी मागितली, त्यात लॅब्राडोर वगळले. कारण काय, तर या शाळा विलीनीकरणाआधी सुरू झाल्या होत्या, आमच्या नव्हत्या. २०१६ मध्ये पाच कोटी डॉलरची तडजोड झाली आणि २४ नोव्हेंबर २०१७ ला हॅपी व्हॅली-गूझ बे इथे जस्टिन ट्रूडो यांनी माफी मागितली. शेजारच्या, इनुइटांहून वेगळ्या असलेल्या इनू लोकांच्या नेतृत्वाने ती घ्यायला नकार दिला. त्यांना वाटले, आमच्यावर झालेले या एका माफीत मावत नाही. मला त्यांचा नकार त्या माफीपेक्षा जास्त विचारपूर्वक वाटला.

तर पुन्हा हेब्रॉन. १९५६ मध्ये नुटाक हे गाव बंद झाले होते, १९५९ मध्ये हेब्रॉन. सरकारची कारणे कागदावर ठीक दिसतात: गाव लांब, जळाऊ लाकूड संपलेले, घरे दाटीची, क्षयरोग, सोयी पुरवायचा खर्च. पण लोकांना दक्षिणेला नेले तेव्हा पुरेशी घरे तयार नव्हती. नेन, होपडेल, मकोविकला त्यांची वस्ती गावाच्या कडेला पडली. शिकारीच्या जवळच्या, चांगल्या जागा आधीच्या कुटुंबांच्या होत्या. ज्याला हेब्रॉनच्या खाडीतला प्रत्येक दगड ठाऊक होता, तो तिथे नवखा, गरीब आणि लाजिरवाणा झाला. नातलग वेगवेगळ्या गावांत विखुरले. चर्चने हे स्थलांतर एकट्याने घडवले नाही. निर्णय सरकार, ग्रेनफेल आणि चर्च या तिघांच्या सहमतीचा. पण सरकारी माणूस बाहेर बर्फात उभा राहून हे बोलला असता तर कोणीतरी त्याला उलट उत्तर दिले असते. चर्चने फक्त जागा दिली. तेवढ्याने काम झाले.

मोरेव्हियनांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की शेवटी इनुइट आजही त्याच चर्चमध्ये जातात, मग तक्रार कोणाची? आणि उलट बाजूचे, विशेषतः दुरून सहानुभूती दाखवणारे, म्हणतात, की त्यांनी तो परका धर्म फेकून द्यावा आणि ढोल हाती घ्यावा. दोघेही पुन्हा तेच करतात, इनुइटांसाठी काय राहावे आणि काय जावे ते बाहेरून ठरवतात. नेनमध्ये ६ जानेवारीच्या रात्री काय होते ते पाहा. कातडी पांघरलेले, मुखवटे घातलेले नालुयुक समुद्राच्या गोठलेल्या पाण्यावरून गावात येतात, हातात काठ्या. मुलांना विचारतात, वर्षभर चांगले वागलात का? मुले त्यांना भजन म्हणून दाखवतात आणि खाऊ मिळवतात, नाही तर जीव घेऊन पळतात. नालुयुक म्हणजे न जाणणारा, जो अजून ख्रिस्ती झालेला नाही तो. मिशनने तुच्छतेने वापरलेला शब्द लोकांनी उचलला, त्याला अस्वलाचे कातडे घातले आणि सणाचा नायक केला. यात ख्रिस्ती किती आणि जुने किती हे मोजायला बसणाऱ्याने खुशाल बसावे. मुले तोवर पळून गेलेली असतील. गेल्या काही वर्षांत त्याच गावांत ढोलही परत वाजू लागला आहे, आणि पितळी बँडही थांबलेला नाही.

मोरेव्हियनांचे देणे आहे, पण ते श्रद्धेचे नाही. ते कागदांचे आहे आणि कबुलीचे. अडीचशे वर्षांच्या रोजनिश्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी, पत्रे, दुकानाच्या वह्या यांचा मोठा भाग हर्नहूट, लंडन आणि पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेम इथल्या दफ्तरांत आहे, बराचसा जुन्या वळणाच्या जर्मन हस्ताक्षरात. नेनमधल्या माणसाला आपला खापरपणजा कोण हे कळायचे तर जर्मन वाचणारा शोधावा लागतो. काही कागद डिजिटल झाले आहेत. सगळे व्हावेत, आणि त्यांचे भाषांतर चर्चच्या पैशाने व्हावे. आपली चूक नक्की कोणती, हेही चर्चने सरकारच्या माफीआड न लपता स्वतः सांगावे. धर्म दिला ही चूक नव्हती. दुसरे दार उघडे ठेवले नाही, ही होती.

आणि मिशनची छाया म्हणजे संरक्षण, हा भ्रमही सोडावा. झोअर इथल्या मिशनच्या दफनभूमीतून १९२७ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या मोहिमेने बावीस जणांचे अवशेष उकरून नेले. ख्रिस्ती रीतीने पुरलेली माणसे, तरी संशोधकाच्या लेखी नमुनेच. ते परत आले आणि पुन्हा मातीत गेले २०११ मध्ये, म्युझियमच्या माफीसह. पाठपुरावा केला तो नुनात्सिआवुतच्या सरकारने. १ डिसेंबर २००५ पासून लॅब्राडोरच्या इनुइटांचे हे स्वतःचे सरकार आहे आणि त्याची विधानसभा होपडेलला भरते, मिशनच्या १७८२ पासूनच्या ठाण्याच्या गावात.

त्याच २००५ साली प्रांताच्या प्रीमियरने, म्हणजे मुख्यमंत्र्यांनी, हेब्रॉन आणि नुटाकच्या स्थलांतराबद्दल माफी मागितली, आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये हेब्रॉनला स्मारक उभे राहिले. गावात आता कायमचे कोणी राहत नाही. उन्हाळ्यात जुनी कुटुंबे होडीने येतात, पहारेकरी बंदूक घेऊन पांढऱ्या अस्वलांवर लक्ष ठेवतात, आणि नुनात्सिआवुतचे सुतार त्या लांबलचक लाकडी चर्चच्या फळ्या एकेक करून बदलतात. ज्या इमारतीत त्यांच्या आजी-आजोबांना तोंड उघडता आले नाही ती मोडू द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले आहे. आत आता ते हातोडे चालवतात, थट्टा करतात, मोठ्याने बोलतात.